फळ्यापर्यंतचे अंतर : अभियांत्रिकीचे विद्यार्थी, गणित आणि स्वतःवरील विश्वास

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातील एक प्रसंग धनंजय कीर यांनी बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदविला आहे. शिक्षकांनी विद्यार्थी भीमराव यांना एक उदाहरण सोडविण्यासाठी फळ्याजवळ बोलाविले. त्याबरोबर वर्गात एकच गलका झाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत. भीमरावांच्या जवळ येण्याने ते विटाळतील म्हणून मुले धावत सुटली आणि भीमराव फळ्यापर्यंत पोहोचण्याआधीच त्यांनी आपापले डबे बाजूला सारले.

हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचे उदाहरण म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. इतिहासाचा शिक्षक या नात्याने मीही तो वर्षानुवर्षे तसाच सांगत आलो. अलीकडे मात्र मला त्यात आणखी एक गोष्ट दिसू लागली आहे. त्या मुलाला उदाहरण येते की नाही, हा प्रश्न त्या क्षणी वर्गात कोणाच्याही मनात नव्हता. त्याने खडू हातात घेण्याआधीच त्याच्याविषयीचा निकाल जाहीर झाला होता. तो निकाल मनात न घेता फळ्यावरील उदाहरणाकडे लक्ष देणे, हे त्या बालवयातील काम उदाहरण सोडविण्याहून कितीतरी अवघड होते.

काही वर्षांपूर्वी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा निकाल लागल्यानंतर एक माजी विद्यार्थी मला भेटायला आला. ‘एम-वन’ म्हणजे गणिताचा पहिला पेपर त्याचा राहिला होता. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, गणित आपल्यासाठी नाहीच.” तो ‘माझ्यासाठी’ म्हणाला नाही, ‘आपल्यासाठी’ म्हणाला. डबे हलविणारे तेथे कोणी नव्हते. तरीही फळ्यापर्यंतचे अंतर तसेच राहिले होते. ते अंतर कशाचे बनलेले असते आणि कसे कमी करता येते, याविषयी अभ्यासकांनी जे शोधले आहे ते आपल्या पालकांपर्यंत आणि माजी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचावे, म्हणून हा लेख.

या विषयाचे मोल आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही. बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयना सादर केलेल्या निवेदनात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. केवळ कला आणि कायद्याच्या शिक्षणाने समाजाचा उद्धार होणार नाही, उच्च दर्जाचे विज्ञान व तंत्रज्ञान हस्तगत केले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. त्याच काळात मजूरमंत्री म्हणून देशाच्या जलसिंचन आणि वीज धोरणाची घडी ते बसवीत होते. आज माजलगावच्या धरणाची भिंत किंवा परळीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या पाहताना आपल्या मुलांनी अभियंता व्हावे असे आपल्याला वाटते, त्यामागे ही परंपरा आहे. आरक्षणाने आणि शिष्यवृत्तीने महाविद्यालयाचे दार उघडले. परंतु दाराच्या आत पहिलाच उंबरठा गणिताचा आहे. तेथे अडखळलेला मुलगा पुष्कळदा एक वर्ष गमावतो, काही वेळा शिक्षणच सोडतो. म्हणून त्या उंबरठ्याचा विचार गंभीरपणे केला पाहिजे.

आता विश्वास म्हणजे नेमके काय, ते पाहू. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली एक महत्त्वाची संकल्पना मांडली. तिला आपण ‘स्वक्षमतेवरील विश्वास’ म्हणू. हा विश्वास म्हणजे अभिमान नव्हे, किंवा ‘मी श्रेष्ठ आहे’ ही भावनाही नव्हे. एखादे ठरावीक काम मी पार पाडू शकेन काय, याविषयी माणसाने मनाशी बांधलेला तो अंदाज असतो. एकाच मुलाचा हा अंदाज कबड्डीच्या मैदानावर भक्कम आणि आंशिक विकलनाच्या उदाहरणापुढे अगदी डळमळीत असू शकतो. १९९४ साली पाजारेस आणि मिलर यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या गणिती कामगिरीचा अभ्यास प्रसिद्ध केला. समोरचे उदाहरण मला सुटेल, हा विश्वास कामगिरीशी जितका निगडित होता, तितकी गणिताच्या उपयुक्ततेची जाणीव किंवा गणिताचा पूर्वानुभव हे निगडित नव्हते, असे त्यांना आढळले. त्याआधी १९८३ मध्ये बेट्झ आणि हॅकेट यांनी दाखविले होते की, गणितातील हा विश्वास मुलींमध्ये मुलांपेक्षा कमी आढळतो आणि विज्ञानाची शाखा निवडण्याच्या निर्णयाशी त्याचा संबंध असतो. ‘मुलीला गणित कशाला’ असे घरात सहज बोलले जाणारे वाक्य तिच्या प्रवेश अर्जापर्यंत कसे पोहोचते, हे यावरून ध्यानात यावे.

येथे कोणी विचारील की, नुसत्या विश्वासाने समीकरण कसे सुटेल? सुटत नाही. विश्वास उत्तर देत नाही. तो उत्तर सापडेपर्यंत माणसाला उदाहरणापाशी बसवून ठेवतो. अॅलन शोनफेल्ड या गणितज्ञाने अमेरिकेतील शालेय विद्यार्थ्यांना विचारले होते की, एखादे उदाहरण सुटणे अशक्य आहे असे ठरविण्यापूर्वी त्यावर किती वेळ घालवावा? १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उत्तरांची सरासरी अवघी १२ मिनिटे होती. ज्याला गणित येते त्याला ते झटकन येते, ही समजूत त्यामागे होती. ही समजूत आपल्याकडेही घट्ट आहे. सराईत विद्यार्थी एखाद्या उदाहरणावर तासभर अडून बसतो तेव्हा त्याला वाटते, उदाहरण अवघड आहे. विश्वास गमावलेला विद्यार्थी दहाव्या मिनिटाला अडतो तेव्हा त्याला वाटते, आपण मठ्ठ आहोत. अडचण तीच असते. दोघे तिचा अर्थ वेगवेगळा लावतात. पहिला वही घेऊन पुन्हा बसतो, दुसरा वही मिटतो. सत्राच्या अखेरीस दोघांच्या सरावात शेकडो उदाहरणांचा फरक पडलेला असतो आणि निकाल पाहून लोक म्हणतात, याला मुळातच गती नव्हती. अशा रीतीने विश्वास गुण घडवितो आणि गुण पुन्हा विश्वास घडवितात. हे चक्र दोन्ही दिशांनी फिरते.

आपल्या मुलांच्या बाबतीत या चक्राला भाषेचा एक वेगळा अडथळा येतो. मराठी माध्यमातील मुलाने दहावीला ‘निश्चयक’ काढलेला असतो, ‘सहगुणक’ ओळखलेला असतो, ‘स्पर्शिका’ आणि ‘कर्ण’ यांच्याशी त्याची चांगली ओळख असते. अकरावीला विज्ञान शाखेत गेल्यावर तोच निश्चयक ‘डिटर्मिनंट’ होऊन येतो, सहगुणक ‘कोइफिशंट’ होतो, स्पर्शिका ‘टॅन्जंट’ आणि कर्ण ‘हायपोटेन्यूज’ होतो. जुनीच माणसे नवे कपडे घालून आली आहेत, हे त्याला कोणी सांगत नाही. आपल्याला काहीच येत नाही, असा त्याचा ग्रह होतो. पुढे अभियांत्रिकीत सारण्या, आंशिक विकलन, बहुसंकलन हे सारे इंग्रजीतून आणि वेगाने पुढ्यात येते. वास्तविक त्याचे गणित कमी पडलेले नसते, शब्द कमी पडलेले असतात. पण तो स्वतःविषयीचे अनुमान मात्र गणितावरून काढतो.

याहून खोल जाणारा अडथळा जातीचा आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधिकांनी उत्तर प्रदेशातील एका गावात सहावी-सातवीच्या मुलांवर एक प्रयोग केला. ३२१ मुले उच्च मानल्या गेलेल्या जातींतील होती आणि ३२१ मुले खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील. सर्वांना कागदावरील भूलभुलय्यातून वाट काढण्याची कोडी दिली आणि सुटलेल्या कोड्यांनुसार पैसे ठेवले. जातीचा उल्लेख झाला नाही तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. नंतर काही गटांत प्रत्येक मुलाचे नाव, गाव, वडिलांचे व आजोबांचे नाव आणि जात सर्वांसमोर मोठ्याने वाचण्यात आली. तेवढ्याने खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. बुद्धी तीच होती, कोडी त्याच प्रकारची होती, मोबदलाही होता. बदलला तो फक्त मुलाच्या मनातील प्रश्न. आधी तो ‘वाट कोठून काढू’ असा विचार करीत होता. नंतर ‘हे मला काय समजत असतील’ हा विचार त्यात मिसळला. २००६ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग वाचताना मला एल्फिन्स्टनच्या त्या फळ्याची आठवण झाली. वसतिगृहात किंवा वर्गात ‘तुझा सीईटीचा स्कोअर किती, कोणत्या कोट्यातून आलास’ असा प्रश्न चारचौघांत विचारला जातो, तेव्हा जात वाचण्याचाच तो प्रकार असतो. त्या प्रश्नानंतर आपली मुले वर्गात हात वर करीत नाहीत. न विचारलेली शंका परीक्षेत गुण कमी करते आणि त्या कमी गुणांनी प्रश्न विचारणाऱ्याचेच म्हणणे खरे ठरल्यासारखे दिसते.

आता प्रेरणेकडे वळू. ‘या मुलांना शिकण्याची आचच नाही’ हा आक्षेप आपण पुष्कळदा ऐकतो. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७०च्या दशकात कलनशास्त्राच्या विषयात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने मागे पडत होते, तेव्हा तेथेही हेच बोलले जाई. युरी ट्रिसमन या तरुण अध्यापकाने हे गृहीत धरले नाही. त्याने २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी प्रत्यक्ष अभ्यास कसा करतात याचे निरीक्षण केले. प्रेरणेचा अभाव, कुटुंबाची अनास्था ही कारणे टिकली नाहीत. कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाळू होते, पण एकटे बसून अभ्यास करीत. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी स्वतः उदाहरणे सोडवीत आणि मग एकत्र जमून एकमेकांची उत्तरे तपासत. चूक कोठे झाली, प्राध्यापकाला काय अपेक्षित आहे, किती वेळ लागतो, हे सारे त्यांना गटातून कळे. एकट्या अभ्यासकाला मात्र आपली अडचण सर्वांचीच आहे, हे कधीच कळत नसे. ट्रिसमनने मग विद्यार्थ्यांचे गट केले आणि त्यांना ‘कच्च्यांचा वर्ग’ असे न संबोधता नेहमीपेक्षा अवघड उदाहरणे दिली. त्या गटांतील विद्यार्थ्यांचे निकाल स्पष्टपणे सुधारले. शिकण्याबरोबरच संघटित होण्यास बाबासाहेबांनी सांगितले, ते अभ्यासाच्या टेबलालाही लागू आहे, असे मला यावरून वाटते.

आपल्या भागातील मुलांपाशी प्रेरणेची वाण नाही. उलट ती अतोनात आहे. धारूर, वडवणी, माजलगावच्या गावांतून दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन निघालेले आईबाप ज्याने पाहिले आहेत, त्या मुलाला शिकण्याचे महत्त्व पटवून देण्याची गरज नसते. धोका वेगळाच आहे. राइनहार्ड पेक्रून या अभ्यासकाने दाखविले आहे की, एखादी गोष्ट फार मोलाची वाटते आणि ती आपल्या हातात आहे असे मात्र वाटत नाही, तेव्हा मनात भीती उत्पन्न होते. आपल्या मुलांची स्थिती नेमकी हीच असते. पेपर समोर आला की त्यांना समीकरणाआधी आईची फड उचलणारी पाठ दिसते. ‘तुझ्यासाठी आम्ही राबतो’ हे वाक्य आपण मायेने बोलतो, परंतु विश्वासाचा आधार नसलेल्या मनावर ते ओझे होऊन बसते. प्रेरणा वाढविण्याच्या भाषणांनी हे ओझे हलके होत नाही. ‘हे मला जमते’ असा प्रत्यक्ष अनुभव मिळाला तरच ते हलके होते.

मग असा विश्वास येतो कोठून? बांडुराने त्याचे चार उगम सांगितले आहेत. पहिला आणि सर्वांत बळकट उगम म्हणजे स्वतः मिळविलेले यश. दुसरा, आपल्यासारख्या माणसाला ते काम करताना पाहणे. तिसरा, ज्याच्या शब्दाला किंमत आहे अशा व्यक्तीचे प्रोत्साहन. चौथा, शरीराची व मनाची अवस्था. कारण छातीतील धडधडीलाच माणूस आपल्या असमर्थतेचा पुरावा मानतो. या चौघांत प्रोत्साहन हे तुलनेने दुबळे आहे, पण आपण सर्वाधिक भर त्यावरच देतो. ‘तू हुशार आहेस, घाबरू नकोस’ असे शंभरदा सांगण्यापेक्षा त्याच्या हातून एक उदाहरण पूर्ण सोडवून घेणे अधिक उपयोगी पडते.

सुरुवातीला ज्याचा उल्लेख केला तो विद्यार्थी याच वाटेने सावरला. त्याच्या खोलीवर पेपर राहिलेले आणखी दोघे होते. तिघांनी रोज रात्री दोन तास एकत्र बसायचे ठरविले. आधी दहावी-बारावीच्या बीजगणितातील कच्चे दुवे शोधले, शब्दांची मराठी-इंग्रजी वही केली, एकमेकांना मराठीतून समजावले आणि उत्तरे इंग्रजीतून लिहिली. पहिल्या महिन्यात त्यांनी फक्त सारण्यांचे प्रकरण केले. पुढच्या प्रयत्नात तिघेही उत्तीर्ण झाले. गुण डोळे दिपविणारे नव्हते. पण ‘आपल्यासाठी नाही’ हे वाक्य मी त्याच्या तोंडून पुन्हा ऐकले नाही.

येथे एक सावधगिरीचा शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. विश्वासाची ही चर्चा सोयीस्करपणे वापरलीही जाऊ शकते. शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, वसतिगृहात जागा नाही, अकरावी-बारावीला गणिताचा शिक्षक नाही आणि वर मुलालाच म्हणायचे की तुझा आत्मविश्वास कमी पडला. हा अन्यायच होय. विश्वास हा साधनांना पर्याय नाही. त्याचप्रमाणे सरावाविना असलेला विश्वासही घातक असतो. वर्गात समजले म्हणजे सोडवता येईल, असे मानून वही न उघडणारे विद्यार्थीही नापास होतात. भगवान बुद्धांनी सांगितलेल्या पाच इंद्रियांत सद्धा, विरिय, सति, समाधि आणि पञ्ञा यांचा समावेश आहे आणि सद्धा व पञ्ञा यांचा तोल राखावा, अशी धम्मपरंपरेची शिकवण आहे. प्रज्ञेविना श्रद्धा आंधळी होते आणि श्रद्धेविना प्रज्ञेला बळ राहत नाही. या दोहोंमध्ये विरिय म्हणजे प्रयत्न हवा. गणिताच्या अभ्यासाला याहून चांगली चौकट मला दिसत नाही.

गुणांकडे कसे पाहावे, याचाही धडा आपल्या इतिहासात आहे. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक उत्तीर्ण झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. त्यांच्या जिद्दीचा अंदाज त्या आकड्यावरून कोणाला बांधता आला असता? गुण हे त्या दिवसापर्यंतच्या तयारीचे माप असते. त्या माणसाचे माप त्यातून कळत नाही. आपल्या घरातील निकालपत्रकाकडेही याच नजरेने पाहावे.

आपण काय करू शकतो, ते आता थोडक्यात सांगतो. पालकांनी ‘आमच्या घराण्यात कोणालाच गणित आले नाही’ हे वाक्य मुलांसमोर बोलू नये. ऊसतोडीची उचल, टनांचा भाव आणि कटलेले पैसे यांचा हिशेब तोंडी करणाऱ्या आईला गणित येत नाही, असे कोण म्हणेल? शेतकरी आणि शूद्रातिशूद्र हिशेबात नागवले जातात, हे ओळखूनच महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात हिशेबाचा समावेश असावा असे सांगितले होते. शिक्षकांनी दहावीपासूनच गणिताच्या मराठी शब्दापुढे इंग्रजी शब्द लिहून द्यावा, चुकलेल्या उत्तरातील बरोबर पायरी दाखवून द्यावी आणि ‘सोपे तर आहे’ असे म्हणणे टाळावे. कारण सोपे असूनही न सुटल्यास मूल दोष स्वतःकडे घेते. निवासी शाळेला तर एक जन्मजात लाभ आहे. मुले एकत्र राहतात, एकत्र जेवतात. संध्याकाळच्या अभ्यासिकेत ती एकत्र बसून गणितही करू शकतात. आनापानसतीच्या दहा मिनिटांनी तो अभ्यास सुरू झाला, तर बांडुराचा चौथा उगमही सांभाळला जाईल.

विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारण्याची लाज बाळगू नये. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंद राजाचे नाव आहे. त्या ग्रंथात मिलिंद राजा नागसेन स्थविरांना प्रश्न विचारतो आणि उत्तर मिळाल्यावरही पुन्हा पुन्हा उपमा मागतो, म्हणजे आणखी एक उदाहरण द्या असे म्हणतो. राजा असून त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. आपल्या मुलांनीही वर्गात उभे राहून ‘सर, आणखी एक उदाहरण’ असे निःसंकोच म्हणावे.

शेवटची विनंती माजी विद्यार्थ्यांना. आपल्यापैकी अनेकजण आज अभियंते आहेत. मेळाव्याला आपण येता, सत्कार स्वीकारता, देणगीही देता. त्याबद्दल शाळा कृतज्ञ आहे. परंतु सुटीतील दोन दिवस दहावीच्या मुलांसोबत गणिताची वही घेऊन बसा. आपले पद सांगण्याआधी आपला कोणता पेपर राहिला होता आणि तो कसा काढला, ते त्यांना सांगा. आपल्याच गावाच्या, आपल्याच वस्तीच्या, आपल्याच बोलीच्या माणसाला फळ्यावर उदाहरण सोडविताना पाहणे, हे त्या मुलांना कोणत्याही भाषणापेक्षा अधिक देऊन जाईल. आणि मग खडू त्यांच्या हाती द्या. फळा त्यांचाही आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!